आमच्या क्लबचे पाहुणे वक्ते, आमचे प्रकल्प आणि त्यानंतरचं वर्ष

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. १ जुलैला आमच्या सेवा क्लबचं नवं वर्ष सुरू होतंय आणि यंदा सचिवपद माझ्याकडे आलंय. गिरणेच्या काठचं तालुक्याचं गाव. सभासद अडतीस, त्यात डॉक्टर, कापसाचे व्यापारी, शिक्षक, एक कृषी केंद्रवाले आणि मेडिकल दुकानवाली मी. महिन्यातून दोन सभा होतात आणि दर सभेला बहुतेक करून एक पाहुणा वक्ता असतो.

मावळत्या सचिवांनी दोन जाड रजिस्टरं हातात दिली. गेल्या नऊ वर्षांतला प्रत्येक प्रकल्प आणि प्रत्येक वक्ता त्यात नोंदलेला आहे. तीन रात्री बसून सगळं वाचलं. सुरुवात प्रत्येक कामाची आहे, तारखेनिशी आणि फोटोनिशी आहे. पुढे काय झालं ते एकाही पानावर नाही.

म्हणून चौथ्या दिवशी स्कूटी काढून बघायला गेले. बायपासच्या कडेला २०० कडुनिंब-करंज लावल्याची नोंद होती. क्लबचं नाव रंगवलेल्या लोखंडी जाळ्या बऱ्याच उभ्या आहेत, झाडं मोजून अकरा. त्यातली सात एका चहाच्या टपरीसमोर ओळीनं आहेत. टपरीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, कप धुतलेलं पाणी कुठंतरी टाकायचंच असतं, ते त्यांना घालतो. मे महिन्यात दोन बादल्या जास्तीच्या." आमच्या २०० झाडांतली सात ज्या माणसानं जगवली, त्याचं नाव आमच्या रजिस्टरात नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या दुकानातली. आमच्या मोतीबिंदू शिबिरात ऑपरेशन झालेल्या एक आजी आठव्या दिवशी आल्या. डोळा लाल. पिशवीतून ड्रॉप्सच्या दोन बाटल्या काढल्या, दोन्हींचं सील तसंच. "दुखलं तर टाकायचे, असं वाटलं बाई. दुखलंच नाही." मोतीबिंदूनंतरचे थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून बरेच वेळा टाकायचे असतात आणि मग चार-सहा आठवड्यांत एकेक वेळ कमी करत आणायचे असतात. हे चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं, आजींना मराठीही वाचता येत नाही. त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं, डोळा वाचला. त्या शिबिरात नोंदणीच्या टेबलावर मीच बसले होते, आणि बाटली हातात ठेवताना "समजलं ना?" एवढंच विचारलं होतं.

वक्त्यांचंही तसंच आहे. स्वागत, परिचय, शाल-श्रीफळ, व्याख्यान, आभार, जेवण. विषय एकाहून एक चांगले. पण त्या व्याख्यानामुळे आम्ही कुठलं काम हाती घेतलं असं शोधायला गेलं तर दोन-तीनच सापडतात.

खरं तर पाहुण्याच्या एका भाषणानं केवढं काम उभं राहू शकतं याचा दाखला सेवा क्लबांच्या इतिहासातच आहे. लायन्सची स्थापना १९१७ची. ३० जून १९२५ला अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर बोलायला आल्या. स्वतः दृष्टिहीन आणि कर्णबधिर. अंधांच्या बाजूनं उभे राहा, हे काम आपलं माना, असं त्यांनी मागितलं. तेव्हापासून डोळ्यांचं काम आणि लायन्स हे समीकरणच झालं. आपल्याकडच्या गावोगावच्या नेत्रशिबिरांचा एक धागा तिथपर्यंत जातो.

तर विचारायचं असं की तुमच्या गावात कुठला प्रकल्प टिकला आणि कशामुळे टिकला? कुठल्या वक्त्याच्या बोलण्यातून काम निघालं? खान्देशातलेच अनुभव हवेत. पुण्या-मुंबईच्या क्लबांच्या अहवालांतून आमच्या कामाचं फार काही निघत नाही.

---

पांझरा_तीर

राम राम बठ्ठासले. ताई, मी धुळ्याकडचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच मातीत आहे.

पांझरेवरची फड पद्धत ऐकली असेलच. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पुढच्या वर्षी पीक फिरवायचं. कित्येक शतकं हे चाललं ते नुसत्या दगडी बंधाऱ्याच्या जोरावर नाही. पाणी वाटायला पाटकरी असायचा, पिकाची राखण करायला जागल्या. त्यांना मोबदला शेतकरीच द्यायचे. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला लाभधारकांची माणसं जायची. बंधारा बांधणाऱ्याचं नाव आज कोणाला ठाऊक नाही, पण जागल्या कोणाच्या घरचा होता ते म्हातारी माणसं अजून सांगतात.

तुमच्या क्लबात बंधारा बांधणारे भरपूर आहेत. तुमच्या झाडांचा जागल्या तो टपरीवाला झाला, पण त्याला कोणी नेमलं नव्हतं. प्रत्येक प्रकल्पाच्या नोंदीत आणखी एक रकाना पाडा आणि त्यात जागल्या कोण ते लिहा. तो रकाना रिकामा असेल तर त्या वर्षी ते काम घेऊच नका.

---

गिरणाकाठ

पांझराकाका, हा शब्द मी उचलला. पुढच्या सभेत मांडते.

---

सातपुडा_गुरुजी

धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. खालून, म्हणजे शहाद्या-नंदुरबारकडून, धुळे-जळगावकडून आमच्याकडे शिबिरं येतात. येणारी माणसं मनापासून येतात, त्याबद्दल शंका नाही. पण दोन गोष्टी चुकतात.

पहिली वेळ. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरची माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. जानेवारीत शिबिर घेतलं तर भेटतात म्हातारे आणि लहान पोरं. होळीला मात्र माणूस कुठंही असला तरी घरी येतोच. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, तिथं सगळा डोंगर खाली उतरतो. तपासणी, माहिती, नोंदणी जे काय करायचं ते त्या आठवड्यात करा किंवा पावसाळा संपता संपता करा.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. भिल्ल, पावरा समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. शिबिरात बोटातून रक्त घेऊन जी झटपट विद्राव्यता चाचणी करतात, ती फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. तो माणूस वाहक आहे की रुग्ण, ते कळायला पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. आमच्याकडे एका शिबिरात पहिली चाचणी झाली, "पॉझिटिव्ह" असं पोरांच्या हातावर कागद ठेवून मंडळी गेली. दुसरी चाचणी कोणीच केली नाही. नववीतल्या एका मुलीच्या घरी सहा महिने असं समजून चालले की पोरगी आता जगत नाही. तिची पुढची तपासणी मी स्वतः घेऊन जाऊन करवली. ती वाहक निघाली. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. त्यानं एवढंच बघायचं की जोडीदारही वाहक नाही ना. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के.

केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला सुरू झालंय, २०४७चं उद्दिष्ट आहे. तपासण्या सरकारी यंत्रणेतून होतात. क्लबानं वेगळी चाचणी घेण्यापेक्षा रिपोर्ट घरपोच नेणं आणि तो घरच्यांच्या भाषेत समजावणं, एवढं काम घेतलं तरी आमच्यावर उपकार होतील.

आणि वक्ता म्हणाल तर आमच्याकडचा एक तरुण आहे, स्वतः सिकलसेलचा रुग्ण, बारावी झालेला. तो पावरीत बोलतो. भरपूर पाणी का प्यायचं, थंडीत अंग का झाकायचं, हायड्रॉक्सियुरियाची गोळी बरं वाटलं म्हणून का सोडायची नाही, हे सगळं तो स्वतःच्या दुखण्यावरून सांगतो. मोठ्या डॉक्टरांच्या भाषणाला माना डोलावणाऱ्या बाया त्याला मात्र प्रश्न विचारतात.

---

केळीबाग_रावेर

गुरुजी, तुमची पोस्ट आमच्या क्लबच्या ग्रुपवर पाठवतो आहे.

माझा अनुभव पाण्याचा. शिरपूर पॅटर्नवर आमच्याकडे व्याख्यान झालं. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून, त्यावर एकामागून एक सिमेंटचे बंधारे बांधून जे काम केलं ते सगळ्यांना माहीत आहे. व्याख्यान संपलं आणि उत्साहात ठरलं की आपणही नाला खोदायचा. वर्गणी जमली, पोकलॅन आलं, आठ दिवसांत नाला खोल झाला.

आम्ही तेव्हा एक प्रश्न विचारला नाही, तो म्हणजे आमच्या नाल्याखाली काय आहे. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात वर चिकणमातीचे जाड थर असतात, ते पाणी झिरपू देत नाहीत. ते फोडून खालच्या वाळूच्या थरापर्यंत गेलात तर पाणी खाली जातं. आम्ही वर्गणी संपली तिथं थांबलो, म्हणजे मातीतच थांबलो. पाणी दिसायचं छान, पण विहिरीत उतरत नव्हतं. साक्री-नवापूरकडे खाली काळा पाषाण, तिथला हिशेब आणखी निराळा.

दुसऱ्या वर्षी आम्ही एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावलं, पण सभागृहात नाही, थेट नाल्यात. सकाळी साडेसहाला, कारण मेमध्ये आमच्याकडे नऊनंतर उभं राहवत नाही. त्यांनी काठावरच्या विहिरींत वाकून थर दाखवले, पिवळी माती कुठं संपते आणि रेती कुठं लागते ते हातात घेऊन दाखवलं. पंचवीस शेतकरी होते, शाल नव्हती, श्रीफळ नव्हतं, पोहे होते. त्यानंतर निम्म्याच लांबीत पण पूर्ण खोलीपर्यंत काम केलं. आता दर उन्हाळ्यात गाळ काढायचा खर्च काठावरचे बागायतदार एकराप्रमाणे वाटून घेतात. रावेर-यावलमध्ये भूजल किती खाली गेलंय ते सगळ्यांना दिसतंय, ट्यूबवेल वर्षागणिक खोल चालल्यात. त्यामुळे वर्गणी मागायला लाजावं लागत नाही.

गिरणाताई, वक्त्याला शक्य तिथं कामाच्या जागी न्या.

---

खापरावरची_पोळी

+१. जागी न्या किंवा स्वतः जा. आमच्या महिला मंडळानं साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला सहल नेली होती. चैत्राम पवारांना २०२५ला पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्या सगळ्यांनी वाचल्या, पण ते जंगल डोळ्यांनी बघणं वेगळं. उजाड डोंगर होता म्हणतात. तोडीवर दंड आणि राखणीची पद्धत गावानंच ठरवली आणि चारशे हेक्टरांहून जास्त जंगल पुन्हा उभं राहिलं. तिथं वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. पाड्यावरच्या बाया पानांत मांडलेल्या भाज्यांची नावं सांगत होत्या आणि आम्ही शिकलेल्या बायका वह्या काढून लिहून घेत होतो. त्या दिवशी वक्त्या त्याच होत्या. परत आल्यावर आमच्या मंडळानं परसबागेचं काम घेतलं, ते आज चौथ्या वर्षी चालू आहे.

---

भुसावळ_जंक्शन

रक्तदान शिबिरांबद्दल मला बोलायचं आहे. मुलाला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. म्हणून हे गणित मला पाठ झालंय.

आपल्याकडे शिबिरं कधी होतात? १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आणि कोणाकोणाच्या वाढदिवसाला. एका दिवसात तीनशे पिशव्या जमल्याची बातमी येते. पण लाल पेशी टिकतात पस्तीस ते बेचाळीस दिवस, प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. एकाच आठवड्यात चार शिबिरं झाली की रक्तपेढीचे फ्रिज भरतात, आणि मे महिन्यात, लग्नसराईत, ४५ डिग्रीत, कॉलेजं बंद असताना, आम्ही पिशवीसाठी फोन करत फिरतो. गेल्या मेमध्ये मुलाला रक्त आठ दिवस उशिरानं चढलं. ओठ पांढरे पडले की तो स्वतःच म्हणतो, "पप्पा, तारीख झाली ना?"

आमच्याकडच्या एका क्लबला मी हे सभेत सांगितलं. वक्ता वगैरे नाही, पाच मिनिटं मागून घेतली होती. त्यांनी मोठं शिबिर बंद केलं. आता साठ दात्यांची यादी आहे, आणि दर आठवड्याला चार-पाच जण रक्तपेढीत जाऊन देतात. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, त्याप्रमाणे पाळी लावली आहे. वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर हवं. फोन करायचं काम एका निवृत्त गार्डसाहेबांकडे आहे. पांझराकाकांच्या भाषेत ते जागल्या. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, त्यामुळे क्लबच्या वार्षिक अहवालात याची एकच ओळ येते. माझ्या घराला ती एक ओळ पुरते.

---

गिरणाकाठ

भुसावळभाऊ, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमचं १५ ऑगस्टचं शिबिर ठरलेलं आहे. ते पाळीवर कसं आणायचं हे तुमच्याशी बोलून ठरवेन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

चोपडा_एक्सप्रेस

सगळ्यांचं पटतंय, तरी एक वेगळी बाजू मांडतो. मी दोन वर्षं अध्यक्ष होतो. क्लबात अध्यक्ष दर वर्षी बदलतो. सभासद आपापला धंदा सांभाळून वेळ देतात. प्रत्येक कामाला कायमचा माणूस नेमायचा म्हटलं तर निम्मी कामं होणारच नाहीत. आणि एकदाच केलेली मदत वाया जाते असंही नाही. आम्ही एका विधवा बाईंना शिलाई मशीन दिलं, पुन्हा कधी तिकडे गेलो नाही. सहा वर्षांनी त्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. देणं हेही काम आहे, त्याला कमी लेखू नका.

---

पांझरा_तीर

चोपडाभाऊ, बरोबर आहे. त्या बाई स्वतःच त्या मशीनच्या जागल्या होत्या. ज्याच्या हातात वस्तू जाते त्यालाच तिची गरज असेल तर दुसरा कोणी नेमावा लागत नाही. रस्त्याकडेच्या झाडाचं तसं नाही, शाळेतल्या पाण्याच्या फिल्टरचं तसं नाही. फिल्टरची कँडल कोण बदलणार, हे देतानाच विचारायला हवं.

---

चोपडा_एक्सप्रेस

हे मान्य. फिल्टरच्या बाबतीत आम्हीही फसलो आहोत.

---

निवृत्त_सिस्टर

मी आरोग्य खात्यात पस्तीस वर्षं होते, शेवटी पर्यवेक्षिका. टिकलेला प्रकल्प म्हणाल तर माझ्या डोळ्यासमोर पोलिओच येतो.

रोटरीनं जगभर पोलिओचं काम १९८५ला हाती घेतलं. आपल्याकडे पल्स पोलिओ सुरू झालं १९९५च्या सुमाराला. तेव्हापासून दर फेरीला आमच्या बूथवर क्लबची माणसं असायची. रविवारी सकाळी सातला व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन मी पोहोचायच्या आधी टेबल लावलेलं, मंडप टाकलेला, चहाची किटली तयार. एक सराफ होते, त्यांचं काम ठरलेलं, बाळाच्या डाव्या करंगळीला मार्करची खूण करायची. त्यांच्या इतकी नीट खूण कोणी करायचं नाही, नखावर आणि कातडीवर दोन्हीकडे, म्हणजे लवकर पुसायची नाही. सोमवारपासून घरोघर. दारावर खडूनं पी किंवा एक्स लिहायचं, पी म्हणजे घर झालं, एक्स म्हणजे पुन्हा यायचंय. एक्स घरांसाठी क्लबवाले आपल्या गाड्या द्यायचे, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या तळावर, पालांवर. हे एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. अध्यक्ष बदलत गेले, सराफकाका तेच.

१३ जानेवारी २०११ला हावड्याला आपल्या देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ला जागतिक आरोग्य संघटनेनं आपला भाग पोलिओमुक्त ठरवला. त्या दिवशी मी सराफकाकांना फोन केला. ते नुसते "हो, हो, ऐकलं" म्हणाले आणि गप्प झाले. मग म्हणाले, "सिस्टर, पुढच्या फेरीला मार्कर नवीन आणा, मागचा वाळलाय."

गिरणाताई, तुमच्या ड्रॉप्सच्या गोष्टीवर एक सुचवते. नेत्रशिबिरातल्या प्रत्येक पेशंटमागे एक माणूस ठरवा, त्याच गावचा. आशाताई असेल, शाळेतली मोठी मुलगी असेल. पहिला आठवडा तिनं रोज एकदा जायचं.

---

तरसोदकर

नेत्रदानाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या क्लबनं शेकडो संकल्पपत्रं भरून घेतली होती. प्रत्यक्षात वडील गेले तेव्हा घरात कोणालाच सुचेना. संकल्पपत्र कपाटात, आणि डोळे तर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. शेजारच्या मुलानं फोन केला म्हणून झालं.

तेव्हा कळलं की आधी फॉर्म भरलेला नसला तरी चालतं, घरच्यांची संमती पुरते. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चालतं. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. पंधरा-वीस मिनिटांत होतं, चेहरा विद्रूप होत नाही. वडिलांच्या बुबुळांनी दोघांना दिसू लागलं.

आता मी सभांमध्ये हेच बोलतो. फॉर्म वाटत नाही. एक छोटं कार्ड देतो, त्यावर नेत्रपेढीचा फोन आणि या चार सूचना. ते फ्रिजवर लावा म्हणतो. मृत्यूच्या घरी शेजारीच आधी पोहोचतात, म्हणून कार्ड शेजाऱ्यालाही देतो.

---

गिरणाकाठ

काल आमची सभा झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

जागल्याचा रकाना रजिस्टरात आला. दोघांनी हरकत घेतली, कामं कमी होतील म्हणाले. बरीच चर्चा झाली, शेवटी यंदा पाचच प्रकल्प घ्यायचे ठरलं. टपरीवाल्या काकांना सभेला बोलावलं होतं. यायला तयार नव्हते, मी स्वतः जाऊन घेऊन आले. झाडं कशी जगतात यावर ते सात-आठ मिनिटं बोलले. पावसाळ्यात लावून उपयोग नाही असं नाही, पण होळीपासून मृगापर्यंत जो पाणी घालेल त्याच्या दारासमोरच खड्डा काढा, असं म्हणाले. यंदा चाळीसच झाडं लावतोय आणि प्रत्येक झाड एका दुकानासमोर आहे. दुकानदाराचं नाव रजिस्टरात लिहिलंय.

ड्रॉप्ससाठी मी एक चिठ्ठी तयार केली आहे. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य आणि चंद्र, आणि प्रत्येकापुढे थेंबाचं चित्र. सहा आठवड्यांच्या सहा ओळी. एका बाटलीला लाल दोरा बांधायचा, दुसरीला हिरवा, आणि चिठ्ठीवरही तेच रंग. त्या आजींनाच आधी दाखवली. त्यांनी चंद्रावर बोट ठेवून विचारलं, "हा झोपायच्या आधीचा ना?" म्हणजे जमलंय. फक्त दुपारचा आणि संध्याकाळचा सूर्य त्यांना सारखाच वाटला, म्हणून संध्याकाळच्या सूर्याशेजारी घरी येणारी गाय काढली.

नव्या वर्षाच्या पहिल्या सभेला गुरुजींनी सांगितलेला तरुण येतोय. तो पावरीत बोलेल, गुरुजी मराठीत सांगतील. प्रवासखर्च आणि त्या दिवसाची त्याची मजुरी क्लब देणार आहे.

---

सातपुडा_गुरुजी

ताई, तो तयार आहे. पहिल्यांदाच एवढ्या लांब येतोय. धडगावहून सकाळची एसटी आम्ही दोघं धरतो, पण घाटात पाऊस लागला तर उशीर होईल. आणि त्याला थंडी बाधते, तर सभागृहात एसी असेल तर त्या दिवशी बंद ठेवाल का?

---

गिरणाकाठ

एसी बंद राहील. स्टँडवर मी स्वतः येते. जेवायला शेवभाजी चालेल ना त्याला, की फिकं करू?

---

निवृत्त_सिस्टर

ताई, त्या सूर्य-चंद्राच्या चिठ्ठीचा फोटो इथं टाका. आमच्याकडे पुढच्या महिन्यात शिबिर आहे.